फेस ओसरल्यावर उरते काय?

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव हे एक लहानसे स्थानक आहे. स्थानकाच्या आजूबाजूला काळी कसदार जमीन आणि तीत कापूस, सोयाबीन, तूर. मराठवाड्यातील शेकडो गावांसारखेच हे गाव. सकाळची कामे उरकली, की गावातील कोणत्याही आळीत एकच दृश्य दिसते. दारापुढच्या दगडावर कपडे आपटण्याचा आवाज येतो, न्हाणीतून निळसर पांढरे पाणी बाहेर पडते, गटारीच्या कडेकडेने फेसाचे पुंजके वाहत जातात आणि उकिरड्याजवळच्या खळग्यात जाऊन थबकतात. कपडे दोरीवर वाळतात, उन्हात लखलखतात. गृहिणीचे काम संपलेले असते. त्या पाण्याचे काम मात्र तेव्हा कुठे सुरू झालेले असते.

किराणा दुकानातून कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा घेताना घरातील माणूस दोन गोष्टी पाहतो. किंमत किती आणि फेस किती. तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा फेस ओसरल्यावर त्या पाण्यात काय उरते आणि ते कुठे जाते? शहरातल्या माणसाला हा प्रश्न टाळता येतो, कारण त्याचे सांडपाणी जमिनीखालच्या नळातून दृष्टिआड होते. खेड्यातील माणसाला तो टाळता येत नाही. त्याचे सांडपाणी त्याच्याच परसात, त्याच्याच ओढ्यात आणि अखेर त्याच्याच विंधन विहिरीच्या वाटेवर असते.

राख, रिठा आणि पापडखार

कपडे धुण्याचे शास्त्र या भूमीला नवे नाही. चुलीतील राख, रिठ्याची फळे, शिकेकाई, खारी माती, पापडखार ही सारी साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. परभणी जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आज उल्कापाताने तयार झालेले विवर म्हणून जगप्रसिद्ध आहे. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. परंतु शतकानुशतके त्या सरोवराची ओळख वेगळीच होती. उन्हाळ्यात पाणी आटले, की काठावर क्षारांचे थर साचत. हे क्षार गोळा करून विकले जात. 'दल्ला', 'पापडी', 'खुप्पल' अशी त्यांची प्रकारवार नावे होती. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'मध्येसुद्धा या परिसरात काच आणि साबण बनविण्यासाठी लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. याचा अर्थ, साबणाला लागणाऱ्या सोड्याची खाण मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच होती.

स्वच्छतेचा विचारही येथील मातीत रुजलेला आहे. परीट समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडले आणि स्वच्छतेला कीर्तनाच्या बरोबरीचे स्थान दिले. गोदाकाठच्या गंगाखेडची संत जनाबाई धुणे धूत असताना प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या मदतीला आला, ही कथा परभणी जिल्ह्यातील प्रत्येक घरात सांगितली जाते. धुणे हे हलके काम नव्हे, हा त्या कथेचा आशय आहे. मग त्या कामातून निघणारे पाणी तरी हलके कसे मानावे?

फेसाचा इतिहास

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि अल्कली यांच्या संयोगातून तयार होणारा पदार्थ. त्याचा एक मोठा दोष आहे. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतील, तर साबणाचा फेस होत नाही. उलट चिकट साका तयार होतो, तो कपड्यावर बसतो आणि साबण वाया जातो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून उपसलेले विंधन विहिरींचे पाणी बहुधा असेच जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. ज्या घरात साबणाच्या वडीला फेस येत नाही, बादलीच्या काठावर पांढरे वळ उठतात आणि पातेल्याच्या तळाशी खडा धरतो, त्या घराला प्रयोगशाळेची गरज नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून खनिज तेलापासून बनविलेली कृत्रिम प्रक्षालके आली. ती जड पाण्यातही फेसाळतात. भारतात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात दिसू लागली. परंतु खऱ्या अर्थाने ती घराघरांत पोहोचली ती १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेल्या स्वस्त पिवळ्या पावडरीमुळे. परदेशी भांडवलाच्या बलाढ्य कंपनीला एका सामान्य रसायनतज्ज्ञाने परसात सुरू केलेल्या उद्योगातून घाम फोडला. स्वदेशी उद्यमशीलतेचे ते उज्ज्वल उदाहरण आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. मात्र अभिमान बाळगताना परिणामांकडे डोळेझाक करावी, असे स्वदेशीचा विचार कधीच सांगत नाही.

युरोप-अमेरिकेने ही ठेच आधी खाल्ली. तेथील सुरुवातीची प्रक्षालके जिवाणूंना पचत नसत. नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहू लागले. तेव्हा जर्मनीने १९६४ साली कायद्याने आणि अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५च्या सुमारास आपणहून रसायनाची घडण बदलली. जिवाणू विघटित करू शकतील अशी सरळ साखळीची प्रक्षालके तेव्हापासून रूढ झाली. पाण्याचा जडपणा मोडण्यासाठी पावडरीत मिसळले जाणारे फॉस्फेट हा दुसरा प्रश्न होता. फॉस्फेट हे वनस्पतींचे खाद्य. ते साचलेल्या पाण्यात गेले, की शेवाळ आणि जलपर्णी माजते, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. युरोपीय संघाने २०१३पासून घरगुती धुलाईच्या प्रक्षालकांत एका धुण्याच्या मात्रेमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक फॉस्फरस असू नये, असे बंधन घातले. इकडे आळंदीत मात्र वारकऱ्यांना अलीकडच्या वर्षांत वारंवार फेसाळलेल्या इंद्रायणीचे दर्शन घ्यावे लागते. कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी त्या फेसाच्या मुळाशी आहे. ज्या नदीत स्नान करून पुण्य जोडायचे, त्याच नदीला आपल्या न्हाणीतला मळ अर्पण करायचा, ही विसंगती एकट्या कारखानदाराच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

काळ्या मातीचे दुखणे

तथापि, पेडगावसारख्या गावाचा खरा प्रश्न फेसाचा नाही, फॉस्फेटचाही तितकासा नाही. तो सोडियमचा आहे आणि त्याची चर्चा जाहिरातींत तर सोडाच, पर्यावरणविषयक व्याख्यानांतही क्वचित होते.

स्वस्त पावडरीचा बराचसा भाग हा धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, प्रसंगी साधे मीठ असा असतो. यांतील काही घटक धुलाईला मदत करतात, काही केवळ वजन वाढवतात. हे सारे पाण्याबरोबर जमिनीत जाते. मराठवाड्याची काळी माती ही चिकणमाती आहे. पाणी मिळाले की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्या कणांना कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ती भुसभुशीत राहते. सोडियमचे प्रमाण वाढले, की कॅल्शियमची जागा सोडियम घेते. कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, वरचा थर दगडासारखा टणक होतो. शेतकरी अशा जमिनीला 'चोपण' म्हणतो. चोपण जमीन सुधारण्यासाठी जिप्सम घालावे लागते, सेंद्रिय खत मुरवावे लागते आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

मोरीचे पाणी केळीला, अळूला, कर्दळीला सोडण्याची रीत जुनीच. ती अत्यंत शहाणपणाची होती, कारण त्या पाण्यात राख आणि रिठा असे. आज तेच पाणी परसबागेत सोडले आणि दोन-तीन वर्षांत केळीची पाने कडेने करपू लागली, तर दोष केळीचा नसतो.

थोडा हिशेब मांडून पाहावा. एका कुटुंबाने दिवसाला केवळ ५० ग्रॅम पावडर वापरली असे धरले, तर महिन्याला दीड किलो आणि वर्षाला १८ किलो होते. पाचशे उंबऱ्यांच्या गावात हा आकडा वर्षाला ९ टनांवर जातो. एवढे रसायन कोणी मालमोटारीत भरून आणले आणि गावच्या ओढ्यात ओतले, तर गाव पेटून उठेल. पन्नास-पन्नास ग्रॅमने तेच आपल्या हातून होते, तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

नळ आला, जबाबदारीही आली

हा प्रश्न आताच का मांडावा, यालाही कारण आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे आहे. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या नळाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु घरात येणारे पाणी वाढले, की घराबाहेर जाणारे पाणीही वाढते. शहरी मानकात माणशी १३५ लिटरपैकी २० लिटर पाणी कपडे धुण्यासाठी धरलेले आहे. खेड्यात ते कमी असेल, तरीही डोक्यावर हंडा वाहून धुणे होत होते तेव्हापेक्षा ते निश्चितच अधिक आहे.

या सांडपाण्यासाठी शोषखड्डा हा उत्तम उपाय आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि डास दोन्ही हटवले. पुढे हा आदर्श अनेक गावांनी उचलला. गटार वाहण्यापेक्षा पाणी जमिनीत जिरणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र येथे एक सूक्ष्म मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. शोषखड्ड्यातून जिरणारे पाणी भूजलाच्या दिशेने जाते. सरळ साखळीची प्रक्षालके जिवाणू पचवतात हे खरे, पण त्यासाठी हवा लागते. हवा खेळत असलेल्या मातीत ती लवकर विघटित होतात. तुंबलेल्या, काळ्या पडलेल्या, हवा नसलेल्या चिखलात ती तशीच पडून राहतात. म्हणजे शोषखड्डा जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची साफसफाई महत्त्वाची आणि त्यात काय सोडले जाते हेही तितकेच महत्त्वाचे. चांगल्या खड्ड्यात वाईट पावडर ओतली, तर सुधारणा अर्धीच होते.

निवड कशी करावी?

मग सामान्य कुटुंबाने घ्यावे तरी काय? प्रामाणिक उत्तर असे, की सर्वस्वी निर्दोष पर्याय कोणताच नाही. त्यातल्या त्यात बरा पर्याय शोधावा लागतो आणि तो घराघराच्या पाण्यावर अवलंबून असतो.

पाणी मऊ असेल, म्हणजे पावसाचे साठवलेले किंवा धरणाचे असेल, तर तेलापासून बनवलेला साधा साबण उत्तम. तो मातीत सहज विघटित होतो. पाणी विंधन विहिरीचे आणि जड असेल, तर साबणाचा हट्ट धरू नये. साबण दुप्पट लागतो, खळबळायला पाणीही दुप्पट लागते. दुष्काळी मुलखात पाण्याची उधळपट्टी करून पर्यावरण राखता येत नाही. अशा घरांनी फॉस्फेटविरहित प्रक्षालक निवडावे. परसबागेत पाणी सोडायचे असेल, तर पावडरीपेक्षा द्रवरूप प्रक्षालक सामान्यतः बरे, कारण त्यात वजन वाढविणारे सोडियमचे क्षार कमी असतात.

पुड्यावरील मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. घटक स्पष्ट लिहिलेले आहेत काय, भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचा उल्लेख आहे काय, हे पाहावे. केंद्र सरकारने १९९१मध्ये पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी 'इकोमार्क' योजना आणली. तिचे चिन्ह मातीचा घडा. प्रक्षालकेही त्या योजनेत होती, पण उत्पादकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २०२४ साली या योजनेचे नवे नियम जारी झाले आहेत. ग्राहकांनी दुकानात जाऊन त्या घड्याविषयी विचारणा सुरू केली, तरच तो पुड्यावर दिसेल. 'हर्बल', 'नैसर्गिक', 'हरित' या शब्दांवर आणि हिरव्या पानाच्या चित्रावर भाळून जाऊ नये. २०२४मध्येच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. दावा करणाऱ्याने आता पुरावा द्यायचा आहे. पुरावा मागायचे काम ग्राहकाचे.

फेसाविषयीचा भ्रमही सोडायला हवा. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस अधिक तर खळबळण्याचे पाणी अधिक, एवढेच ते समीकरण. तसेच पांढऱ्याशुभ्र कपड्यांवरील निळसर झळाळी बहुतेक वेळा स्वच्छतेची नसते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून निळा प्रकाश परत फेकणारी रसायने कपड्यावर चिकटून राहतात, त्याची ती किमया असते. मळ गेला की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

'घरचे' म्हणजे निर्दोष नव्हे

अनेक महिला बचत गट कपडे धुण्याची पावडर तयार करतात. गावातला पैसा गावात राहतो, भगिनींच्या हाताला काम मिळते, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ही पावडरही बहुधा बाजारातून आणलेली आम्ल स्लरी आणि धुण्याचा सोडा यांचेच मिश्रण असते. तिचे प्रमाण चुकले, तर हाताची कातडी सोलवटते आणि सोडा जास्त पडला, तर माती चोपण होते. 'घरी बनवलेले' आणि 'पर्यावरणस्नेही' हे समानार्थी शब्द नव्हेत. बचत गटांनी भरण्यासाठी मीठ आणि सल्फेट न वापरण्याचा निर्धार केला, सोड्याचे प्रमाण बेताचे ठेवले आणि पुडीवर घटक छापले, तर मोठ्या कंपन्यांनाही धडा मिळेल.

रिठ्याचेही तेच. रिठा जड पाण्यातही काम करतो, लोकरी आणि रेशमी वस्त्रांसाठी तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पाव किलो रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी उकळून गाळले की धुण्याचे पाणी तयार. ते चार-पाच दिवसांत वापरून संपवावे, कारण आंबते. मात्र तेलकट डाग आणि शेतातल्या मातीने माखलेले कपडे यांच्यापुढे तो थिटा पडतो, पांढऱ्या कापडावर किंचित पिवळसर झाक येते. शिवाय मासे गुंगवून पकडण्यासाठी पूर्वी रिठ्याचाच उपयोग करीत, हेही विसरू नये. म्हणून रिठ्याचे पाणीसुद्धा थेट तळ्यात-ओढ्यात सोडणे योग्य नाही. निसर्गातून आलेली प्रत्येक गोष्ट निसर्गाला कोणत्याही प्रमाणात चालते, हा समज भाबडा आहे.

मात्रा आणि मर्यादा

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप म्हणजे खर्चाचा. पर्यावरणस्नेही म्हणून विकली जाणारी प्रक्षालके महाग असतात, सामान्य शेतकरी कुटुंबाला ती परवडायची कशी? आक्षेप रास्त आहे. महागड्या बाटल्या विकत घेणे हा श्रीमंतांचा छंद ठरू नये. परंतु सर्वांत प्रभावी उपायाला एक पैसाही लागत नाही. तो म्हणजे मात्रा निम्मी करणे. बहुतेक घरांत पावडर मोजून टाकली जात नाही, मुठीने टाकली जाते. मुठीच्या जागी चमचा आणावा. कपडे आधी साध्या पाण्यात बुडवून धूळ काढावी, अर्धा तास भिजवावे, कॉलर-बाह्यांना तेवढा साबण चोळावा आणि रोजच्या वापराच्या, न मळलेल्या कपड्यांना निम्मी पावडर घालावी. दुसऱ्या खळबळण्याचे पाणी पुढच्या धुण्याच्या भिजवणीला ठेवावे. परसबागेत पहिले साबणपाणी न सोडता शेवटचे पाणी सोडावे, तेही रोज एकाच झाडाला नव्हे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना तर कधीच नव्हे. एवढ्याने पुडा दुप्पट दिवस पुरतो. वाचलेल्या पैशांत थोडे महाग पण चांगले प्रक्षालक घेता येते. गरिबीत शिकलेली काटकसर आणि आधुनिक पर्यावरणशास्त्र येथे एकाच निष्कर्षावर येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा आक्षेप असा, की कारखाने नद्या नासवतात आणि उपदेश मात्र गृहिणीला का? कारखान्यांवर कारवाई व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण पेडगावच्या ओढ्यात कारखाना नाही. तेथे जे वाहते ते घराघरांतूनच येते. परभणी जिल्ह्याचे सारे पाणी अखेर गोदावरीला मिळते आणि पुढे विष्णुपुरीच्या जलाशयातून तेच नांदेडकर पितात. वरच्या गावाने काय सांडले, यावर खालच्या गावाची तहान ठरते. शेजारधर्म म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

आणि हे ओझे एकट्या गृहिणीच्या डोक्यावर का असावे? पुडा बहुतेक वेळा पुरुषच दुकानातून आणतो. शोषखड्डा खणणे, त्यातील गाळ काढणे, बांधावर रिठ्याची दोन रोपे लावणे, ग्रामसभेत गटारीचा विषय काढणे ही कामे घरातल्या सर्वांची आहेत. परभणीतच कृषी विद्यापीठ आहे. गावातील चार तरुणांनी परसातली आणि विंधन विहिरीजवळची माती तपासून घ्यायचे मनावर घेतले, तर तर्कवितर्काऐवजी आकडे हाती येतील आणि गाव स्वतःच निर्णय करील.

मोठ्या चळवळी मोठ्या घोषणांनी सुरू होतात असे मानण्याची चूक अनेकदा होते. गाडगेबाबांची चळवळ एका खराट्याने सुरू झाली होती. उद्या सकाळी पेडगावातील एखाद्या घरी मुठीच्या जागी चमचा आला आणि न्हाणीबाहेरच्या पाण्याकडे कोणी क्षणभर थांबून पाहिले, तरी पुष्कळ झाले. कपडे तर तसेही स्वच्छ होतातच. ते धुताना ज्या मातीत उद्याचा कापूस पिकायचा आहे, ती मळणार नाही, एवढी काळजी प्रत्येक घराने घ्यायची आहे.